हिरव्या कडेची चकती

डोळ्यावरची पट्टी निघाली, तेव्हा काकांना सगळ्यात आधी दिसला तो डॉक्टरांचा कोट, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पांढरा आहे हो."

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, कोट पांढराच असतो आजोबा, फक्त माझा जरा जास्त धुतलेला आहे. शेजारी उभ्या असलेल्या काकूंना मात्र हसू आलं नाही. गेली दोन वर्षं आपल्या नवऱ्याला पांढरं म्हणून काही दिसलेलंच नाही, हे त्यांच्या त्या क्षणी लक्षात आलं. तो एक पाय निळ्या मोज्यात आणि एक काळ्या मोज्यात घालून कामावर जायचा, तेव्हा त्या त्याला वेंधळा म्हणायच्या. तो ऐकून घ्यायचा. वेंधळा म्हटलेलं त्याला परवडत होतं.

काका विद्यापीठाच्या रसायन विभागात काच फुंकायचे. बाजारात न मिळणारं भांडं, तीन तोंडांची नळी, भांड्यातलं भांडं, असलं काहीही कागदावर काढून आणून द्यावं आणि चार दिवसांनी घेऊन जावं. चौतीस वर्षं ते तळघरातल्या एका खोलीत ज्योतीपुढे बसत आले होते. विद्यार्थी त्यांना फुंकणीकाका म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, आणि ते तिथेच राहायचं.

ज्योतीपुढे आयुष्य काढणाऱ्याच्या डोळ्यात लवकर मोतीबिंदू उतरतो, हे काकांना ठाऊक होतं. त्यांच्या उस्तादांचंही तेच झालं होतं. ते कळलं त्या दिवसापासून उस्तादांना ज्योतीपुढून उठवलं आणि भांडारात पावत्या फाडायला बसवलं, हेही ठाऊक होतं. म्हणून दर वर्षीच्या तपासणीला काका रांगेत मुद्दाम मागे उभे राहत. पुढची माणसं भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं मोठ्याने वाचत, ती काका पाठ करत आणि आपली पाळी आली की घडाघडा म्हणून दाखवत. डोळ्यांवाचून काही अडतही नव्हतं. काच किती मऊ झाली, कधी वळवायची, कधी फुंकायची, हे हाताला कळत होतं. हात तरबेज होते, त्यामुळे डोळे गेल्याचा कुणाला पत्ता लागला नाही. काका स्वतःलाही हेच समजावत.

शेवटी काकूंनीच पकडलं. घरी त्या शिवणकाम करत. एका ब्लाउजचा पिवळा दोरा शोधून द्या म्हणाल्या, तर काकांनी पांढरं रीळ हातात ठेवलं, आणि ते पांढरं आहे म्हटल्यावर वाद घातला. दुसऱ्या दिवशी काकू त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. विभागात काकांनी सासुरवाडीचं काम निघालं असं सांगून रजा टाकली. आधी डावा डोळा करायचा ठरला; उजवा तीन महिन्यांनी. निवृत्तीला उरले होते दोन महिने. म्हणजे उजवा डोळा निवृत्तीनंतर होणार, आणि कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं. गणित नीट जमलं होतं.

डॉक्टरांनी महिनाभर ज्योतीपुढे बसायला मनाई केली. काकांनी विभागात सांगितलं की जायच्या आधी भांडार लावून देतो, नव्या माणसाला त्रास नको. सगळ्यांनी कौतुक केलं. एका दिवसात तीन जणांनी त्यांना सांगितलं की अशी माणसं आता राहिली नाहीत.

चकत्यांचा खण त्यांनी चौथ्या दिवशी उघडला.

रुपयाएवढ्या गोल काचेच्या चकत्या. एका पाकिटात साध्या काचेच्या, दुसऱ्यात क्वार्ट्‌झच्या. समोरून पाहिल्या तर दोन्ही सारख्या, पाण्यासारख्या. फरक दिसतो तो आडवी धरली की. साध्या काचेच्या कडेत हिरवट झाक असते, क्वार्ट्‌झच्या कडेत काहीच नसतं. काकांनी क्वार्ट्‌झचं पाकीट हातावर रिकामं केलं. पाच चकत्या पडल्या. त्यातल्या दोन चकत्यांची कड हिरवी होती.

त्यांनी त्या पुसल्या. खिडकीशी नेल्या. मग नव्या डोळ्यावर हात ठेवून जुन्या डोळ्याने पाहिल्या. पाचही एकसारख्या, मळकट पिवळ्या. हात काढला. दोन हिरव्या.

काका स्टुलावर बसले. पाकिटात चकत्या कधी मिसळल्या, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. या पाकिटातली एक चकती सहा महिन्यांपूर्वी आपण कुठे बसवली, तेवढंच आठवलं.

ती बसवली होती डॉक्टरीणबाईंच्या भांड्याला.

डॉक्टरीणबाई अजून डॉक्टर झालेल्या नव्हत्या. वरच्या मजल्यावर पाच वर्षं संशोधन करणारी ही मुलगी पहिल्यांदा नळी करून घ्यायला आली, तेव्हा काका गमतीने म्हणाले होते, या डॉक्टरीणबाई. ती म्हणाली, अहो, अजून खूप अवकाश आहे. काका म्हणाले, सवय करून ठेवतो. तेच नाव पडलं.

तिचं काम होतं गोठवलेल्या पदार्थांवर उजेड टाकायचं. द्रव नायट्रोजन भरलेल्या भांड्यात, जिथे थंडी इतकी की रबरी नळी काचेसारखी तडकते, तिथे ती आपला पदार्थ गोठवायची. त्याचा खडीसाखरेसारखा पारदर्शक खडा व्हायचा. मग भांड्याच्या खिडकीतून त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारा, जंबूपार म्हणजे अतिनील उजेड सोडायचा. तिने एकदा काकांना समजावलं होतं, की या पदार्थाच्या प्रत्येक रेणूत कार्बनला एक क्लोरीन चिकटलेला असतो. उजेडाचा दणका बसला की दोघांची ताटातूट होते. पातळ पदार्थात ते आपापल्या वाटेने निघून जातात. गोठलेल्यात जाणार कुठे?

"काका, गच्च भरलेल्या लिफ्टमध्ये नवरा-बायकोचं भांडण झालंय असं समजा," ती म्हणाली होती. "बाहेर पडता येत नाही. एक तर तसेच फुगून उभे राहतात, नाही तर दार उघडायच्या आत मिटवून टाकतात. कोण फुगून राहतं आणि कोण मिटवतं, ते मी बघते."

काकांनी हे घरी जाऊन सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, त्यासाठी एवढी थंडी कशाला, आपल्याकडे येऊन बस म्हणावं.

तिचा पहिला पदार्थ फुगून राहणाऱ्यातला निघाला. उजेड पडला की खडा पिवळसर व्हायचा आणि तसाच राहायचा. ऊब दिली की पिवळेपणा जायचा. मग एकदा थंडीने भांड्याची खिडकी तडकली. काकांनी नवी चकती बसवून दिली. दुसरा पदार्थ तिने त्या नव्या खिडकीमागे ठेवला, आणि त्यावर काहीच होईना. तासन्‌तास उजेड टाकला तरी खडा जसाच्या तसा. दिवा ठीक होता, तो ती दर आठवड्याला तपासत होती. तेव्हा तिने आणि तिच्या सरांनी निष्कर्ष काढला, की हा दुसरा पदार्थ तुटतो, पण तुटल्या क्षणी जागच्या जागी परत जुळतो. सरांना ही कल्पना फार आवडली. त्यावर शोधनिबंध लिहून छापायला पाठवला होता, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच उभं होतं. तीन आठवड्यांनी प्रबंध द्यायचा, आणि त्यानंतर लगेच दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तिला रुजू व्हायचं होतं.

साध्या काचेतून तो उजेड जात नाही. क्वार्ट्‌झ वापरायचं ते याचसाठी.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर काका वर गेले. तिच्या खोलीत भांडं टेबलावर कोरडं ठेवलेलं होतं. मोजमापं संपली होती. दिवा तपासायची तिची पट्टी भिंतीला टांगलेली होती, तो उजेड पडला की हिरवी उजळणारी. काकांनी दिवा लावला, पट्टी भांड्याच्या अलीकडे धरली. झगझगीत हिरवी. मग भांड्याच्या आत, खिडकीच्या पलीकडे धरली.

पट्टी काळोखात राहिली.

त्यांनी ती तिथे बराच वेळ धरून ठेवली. मग दिवा बंद केला, पट्टी होती तशी टांगली आणि खाली आले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ते चपला न काढताच बसले. काकूंनी यंत्रावर एक बाही शिवून संपवली, दुसरी घेतली, आणि मग विचारलं. काकांनी सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की भांडं आता कपाटात जाणार आहे, ते पुन्हा कुणी काढेल असं नाही. चकती बदलून ठेवली तर कुणाच्या बापाला कळणार नाही. नाही बदलली तरी कळणार नाही. मुलगी डॉक्टर होऊन तिच्या नोकरीवर जाईल. आपण आपल्या घरी.

काकू शिवत राहिल्या. बाही पुरी झाल्यावर दोरा दाताने तोडून म्हणाल्या, "मी काय म्हणावं असं तुम्हाला वाटतंय? सांगा म्हणू, की नका सांगू म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस."

"मग नाही म्हणत," असं म्हणून त्या पान वाढायला उठल्या.

सकाळी काका वर गेले तेव्हा डॉक्टरीणबाई शेवटच्या प्रकरणाची पानं तपासत बसली होती. काकांना पाहून तिने खुर्ची पुढे सरकवली आणि सासुरवाडीचं काम झालं का म्हणून विचारलं. काका उभेच राहिले. घरून त्यांनी वाक्यं जुळवून आणली होती. चकतीपासून सुरुवात करायची आणि डोळ्याचं शेवटी, जमलं तर नाहीच. पण झालं उलटंच.

"सासुरवाडीला नव्हतो गेलो. डोळा करून घेतला," ते म्हणाले. "दोन वर्षं मला नीट दिसत नव्हतं. तुमच्या भांड्याला मी साधी काच बसवलीय."

तिला आधी कळलंच नाही. काकांनी खिशातून हिरव्या कडेची एक चकती काढून तिच्यापुढे आडवी धरली, पाकिटाचं सांगितलं, काल दुपारी पट्टी धरून पाहिल्याचं सांगितलं. ती उठली. दिवा लावला, पट्टी अलीकडे धरली, पलीकडे धरली. परत अलीकडे. काका दाराशी उभे होते. दिवा विझवून ती खाली बसली आणि पुढ्यातली पानं एकावर एक ठेवून त्यांच्या कडा सारख्या करत राहिली.

काकांना वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. दोन्हींची त्यांनी तयारी केली होती.

"दोन वर्षं तुम्ही दिसत नसताना विस्तवापुढे बसत होता?" तिने विचारलं. काकांनी चकती परत खिशात टाकली. ती म्हणाली, "मी रोज खाली येऊन तुमच्याशी बोलत होते काका. मला तरी सांगायचं."

मग पानांकडेच पाहत ती म्हणाली की खिडकी बदलल्यावर पहिला पदार्थ परत एकदा लावून बघायला हवा होता. शाळेतल्या पोरालाही हे कळतं. तो पिवळा झाला नसता आणि त्याच दिवशी सगळं उघड झालं असतं. तिला तसं वाटलंही होतं. पण दुसऱ्या पदार्थाचा निष्कर्ष इतका देखणा होता, की तो मोडेल असं काही करायचा तिला आळस आला. आळस हाच शब्द तिने वापरला. काका म्हणाले, नाही, चूक माझी आहे. ती म्हणाली, तुमची आहेच. माझीही आहे. ती तुम्ही घेऊ नका.

दोघं मिळून सरांकडे गेले. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, वयाने काकांहून दोन वर्षांनी मोठे. दोघांनी विभागातली नोकरी एकाच सुमारास धरलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग विचारलं की आणखी कुणाला सांगितलं आहे का. कुणाला नाही म्हटल्यावर ते खिडकीतून बाहेर पाहत राहिले. त्या तेवढ्या वेळात ते काय तोलत होते ते काकांना कळलं, कारण कालची संध्याकाळ त्यांनी तेच तोलण्यात घालवली होती. डॉक्टरीणबाईलाही कळलं असावं, कारण ती म्हणाली, "सर, मी सगळं परत करणार आहे. पहिल्यापासून."

सरांनी मान हलवली. शेवटची दोन मोजमापं तेवढी परत केली तर भागेल का, असं एकदा विचारून पाहिलं. ती नाही म्हणाली, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. निबंध मागे घ्यायचं पत्र त्यांनी तिच्यासमोरच लिहायला घेतलं. काकांना त्यांनी एवढंच सांगितलं, की आजपासून ज्योतीपुढे बसायचं नाही, आणि तपासणीचं खरं काय ते कार्यालयाला लेखी द्यायचं. आवाज चढवला नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काकांना अहो-जाहो केलं, तेच काय ते लागलं.

काकांनी लेखी दिलं. त्याचा व्हायचा तो बोभाटा झाला. ज्या तिघांनी अशी माणसं राहिली नाहीत म्हटलं होतं, त्यातला एक जिन्यात भेटला तर घाईघाईने घड्याळ पाहू लागला. गेल्या दोन वर्षांत काकांकडून भांडी करून नेलेल्यांनी ती एकेक करून तपासायला आणली. काका सगळी दिव्यापुढे धरून नव्या डोळ्याने बघत आणि वहीत लिहीत. एकशे अठरा भांडी आली. त्यात आणखी एक खिडकी चुकीची निघाली, पण ती साध्या उजेडाच्या कामाची होती. तिने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. बाकी सांधे सगळे पक्के होते. हातांनी दगा दिला नव्हता, याचा काकांना थोडा आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली.

दुसऱ्या शहरातली ती नोकरी थांबली नाही. डॉक्टरीणबाईने सहा महिन्यांची मुदत मागितली होती. तिथल्या लोकांनी नम्रपणे कळवलं की जागा भरायची आहे. हे तिने काकांना सांगितलं नाही. त्यांना ते कार्यालयातून कळलं. त्या दिवशी ते जेवायचा डबा न उघडता घरी घेऊन गेले.

नवी खिडकी बसवायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, कुणा तरुण माणसाला सांगा. चकती बसवायला ज्योत लागत नाही, नुसतं चिकटवायचं काम, कुणीही करील. ती म्हणाली, तुम्हीच बसवा. काकांनी पाकिटातली चकती काढली, कड पाहिली, तिला दाखवली. तिने पाहिली. पट्टी धरून दोघांनी तपासली. मग काकांनी ती बसवली, कडेने चिकट द्रावाची बारीक रेघ फिरवली आणि वाळेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली. अंगठा काढायची त्यांना घाई नव्हती.

दोन दिवसांनी तिने त्यांना वर बोलावलं. आजवर काकांनी शेकडो भांडी केली, पण त्यांच्या आत काय घडतं ते कधी पाहिलं नव्हतं. भांडं गेलं की काम संपलं. तिने दुसरा पदार्थ गोठवला. खडा निर्मळ, आरपार दिसणारा. तासभर उजेड टाकला आणि दिवा बंद करून तिने काकांना जवळ बोलावलं. खड्याला अगदी पुसट, लिंबाच्या सालीच्या आतल्या अंगासारखा पिवळा रंग चढला होता.

"म्हणजे हेही फुगून उभे राहतात तर," काका म्हणाले.

"हो. मिटवत नाहीत," ती म्हणाली. "आम्ही उगीच त्यांचा समेट घडवून आणला होता."

मग तिने खडा थोडा उबेला आणला. पिवळेपणा कडांपासून विरत गेला आणि मिनिटभरात काही उरलं नाही. काका वाकून बघत राहिले. ती म्हणाली, हे आता दोनशे वेळा करायचंय, वेगवेगळ्या थंडीला.

काकांचा शेवटचा दिवस महिन्याच्या अखेरीस आला. निरोप समारंभ ठेवावा की नाही यावर कार्यालयात चर्चा झाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. शेवटी साधा चहा ठरला, संध्याकाळी पाचला, वाचनालयाच्या खोलीत. काकांनी खोलीच्या किल्ल्या दिल्या, वही दिली, आणि निघतो असं सांगायला म्हणून वर गेले.

डॉक्टरीणबाईचं दार बंद होतं. बाहेर तिच्या अक्षरातला कागद लावलेला: मोजमाप चालू आहे, दार उघडू नये. तो पुसट पिवळा रंग मोजताना बाहेरचा उजेड चालत नाही, हे काकांना माहीत होतं. ते परत फिरणार, तेवढ्यात त्यांना दाराच्या खालच्या फटीतून आत सरकलेली बोळातल्या दिव्याच्या उजेडाची पट्टी दिसली. फट जेमतेम बोटभर. पण उजेड तो उजेडच.

त्यांनी बटण शोधून बोळातला दिवा बंद केला. त्या बोळाला खिडकी नव्हती. जिन्यापर्यंत अंधार झाला. दारासमोरच्या बाकावर ते चाचपडत बसले.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

"कुणी नाही," काका म्हणाले. "चालू द्या."

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. कार्यालयातला कारकून होता. सगळे जमलेत, चहा निवतोय, सर वाट बघतायत, असं तो अंधारातच म्हणाला आणि बटणासाठी भिंतीवर हात फिरवू लागला.

"लावू नका," काका हलकेच म्हणाले. "त्यांना सांगा, वीस मिनिटं. आणि जाताना सांभाळून उतरा, शेवटून तिसरी पायरी फुटलीय."

कारकुनाने बटण शोधायचं सोडलं. मग भिंतीला धरून खाली गेला. काका बाकावर पाय जुळवून, दाराकडे तोंड करून बसून राहिले.